सोलापुरात ग्रंथालय-तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांचा एक दिवसाचा विभागीय मेळावा : दिवस कसा आखावा?

प्रश्न : तांत्रिक सहायक, महाविद्यालयीन ग्रंथालय, सोलापूर

सर्वांना सप्रेम नमस्कार.

ग्रंथालयातील संगणकाचे काम प्रत्यक्ष हाताने करणाऱ्यांसाठी, म्हणजे नोंदी भरणारे लिपिक, सर्व्हर सांभाळणारे तांत्रिक सहायक, बारकोड छापून पुस्तकांना चिकटवणारे परिचर आणि ही सारी कामे एकट्याने उरकणारे लहान ग्रंथालयांचे ग्रंथपाल यांच्यासाठी, सोलापुरात एक दिवसाचा मेळावा भरवावा, असे आम्हा तिघा-चौघांच्या मनात आहे. सोलापूर जिल्ह्यातील ११ तालुके, शेजारचे धाराशिव व लातूर आणि जमल्यास सांगली, एवढा परिसर आम्ही धरला आहे. साधारण ४० जण यावेत, त्याहून जास्त नकोत, कारण तेवढ्यांनाच संगणकासमोर बसवून काम करता येईल.

ग्रंथपालांची अधिवेशने आणि चर्चासत्रे होत असतात. तेथे अनुदान, वेतन, पदभरती हे विषय निघतात आणि ते निघालेच पाहिजेत. परंतु दाखल नोंदवहीतील जुन्या नोंदी संगणकात भरताना दोन पुस्तकांना एकच दाखल अंक (प्रत्येक प्रतीला दिलेला स्वतंत्र क्रमांक) पडला तर काय करावे, किंवा एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना मराठी शीर्षकांच्या जागी प्रश्नचिन्हे का उमटतात, असे विचारायला तेथे जागा नसते आणि विचारले तर उत्तर देणारा माणूस त्या खोलीत नसतो. तो माणूस त्या दिवशी आपल्या ग्रंथालयात देवघेवीच्या मेजावर बसलेला असतो. तोच मेळाव्याला यावा, अशी आमची इच्छा आहे.

माझ्यापुढे तीन अडचणी आहेत आणि त्यांवर आपला अनुभव हवा आहे.

पहिली अडचण सॉफ्टवेअरची. ग्रंथालयाचे काम संगणकावर चालवण्यासाठी आमच्या परिसरातील काही महाविद्यालये इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांच्या जाळ्याचे सोल वापरतात, काहींनी कोहा बसवले आहे, काही ग्रंथालयांत एनआयसी या सरकारी संगणक संस्थेचे ई-ग्रंथालय चालते, आणि अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत अजून एक्सेलची फाइल किंवा नुसती वहीच आहे. या सर्वांना एकाच सभागृहात बसवले, तर निम्म्या लोकांना निम्मा दिवस उपयोगाचा नाही. प्रत्येक सॉफ्टवेअरचा वेगळा वर्ग घ्यावा, तर तेवढे मार्गदर्शक कोठून आणावेत?

दुसरी अडचण जागेची. विद्यापीठाचा परिसर केगावला, पुणे रस्त्यावर आहे. तेथे जागा प्रशस्त मिळेल, पण रेल्वे स्थानकावरून किंवा एसटी स्थानकावरून तेथे पोहोचण्यात बाहेरगावच्या माणसाचा वेळ जाईल. शहरातील एखाद्या महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा मिळण्यासारखी आहे. ती लहान आहे, पण जवळ आहे.

तिसरी अडचण लिहिताना थोडा संकोच वाटतो, तरीही लिहितो. जी संस्था जागा देईल, तिला उद्घाटनाचा कार्यक्रम हवा असेल, आणि ती अपेक्षा रास्तच आहे. पण दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरातील अशाच एका कार्यशाळेस मी गेलो होतो. दीपप्रज्वलन, स्वागत, परिचय, सत्कार आणि मनोगते संपेपर्यंत दुपारचा दीड वाजला. जेवणानंतर प्रात्यक्षिकासाठी ५० मिनिटे उरली आणि त्यांतही प्रोजेक्टर जोडण्यात बराच वेळ गेला. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ आपल्या ग्रंथालयाची सर्व माहिती पेन ड्राइव्हवर घेऊन आले होते. तो पेन ड्राइव्ह त्यांनी खिशातून काढलासुद्धा नाही. आपल्या मेळाव्यात असे होऊ नये, एवढीच माझी तळमळ आहे.

दिवस कोणता धरावा, वेळ कशी वाटावी आणि विषय कसे निवडावेत, याविषयी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : ग्रंथपाल, सार्वजनिक ग्रंथालय, बार्शी तालुका

नमस्कार सर. आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण आमच्यासारख्यांना कोणी आपल्यात धरत नाही.

विषयांचे पुढे पाहू. आधी माणूस तेथे पोहोचेल कसा आणि परतेल कसा, ते ठरवा. अक्कलकोट ४० किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे तेथील मंडळी नऊ वाजताही येतील. बार्शी आणि पंढरपूरहून येणाऱ्यास दीड-दोन तास लागतात. करमाळा आणि माळशिरस मात्र शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहेत, आणि त्या तालुक्यांतील खेड्यातला माणूस आधी तालुक्याच्या गावी येऊन मग सोलापूरची गाडी धरतो. दहाला सुरुवात ठेवली, तर तो अकराला पोहोचेल आणि दिवसभर मागच्या बाकावर बसेल. म्हणून मुख्य काम ११ वाजता सुरू करा आणि ४.३० ला काटेकोरपणे संपवा. दहा ते अकरा या वेळात लवकर येणाऱ्यांचे चहापाणी, नोंदणी आणि त्यांच्या फाइलींची तपासणी उरकता येईल. उद्घाटनही त्याच तासात करावे. यजमान संस्थेचा मान राहील आणि दूरच्या माणसाचे नुकसान होणार नाही.

दिवसाविषयी सांगतो. मार्च महिना धरूच नका. सार्वजनिक ग्रंथालयांचे हिशेब, लेखापरीक्षणाची तयारी आणि अनुदानाची कागदपत्रे यांतून कोणी बाहेर पडू शकत नाही. जानेवारीच्या मध्यात सिद्धेश्वराची यात्रा आणि गड्डा असतो, तेव्हा शहरात उतरायला जागा मिळणे कठीण. आषाढी आणि कार्तिकीला एसटीच्या गाड्या पंढरपूरकडे वळतात. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरच्या उन्हात बाहेरगावच्या माणसाला बोलावणे मला प्रशस्त वाटत नाही. १२ ऑगस्ट हा डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिवस, ग्रंथपाल दिन, म्हणून अनेकांना सोयीचा वाटतो, पण त्या दिवशी प्रत्येक ग्रंथालयाचा आपापला कार्यक्रम असतो आणि ग्रंथपालाला तेथून हलता येत नाही. माझ्या मते डिसेंबरचा दुसरा शनिवार योग्य आहे. पहिला आठवडा टाळावा, कारण ६ डिसेंबरच्या महापरिनिर्वाण दिनासाठी मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांना फार गर्दी असते. रविवार नको. आमच्याकडे रविवारी वाचकांची सर्वाधिक वर्दळ असते आणि ग्रंथालय बंद ठेवता येत नाही.

आता परवानगीचे. महाविद्यालयातील कर्मचाऱ्यास कर्तव्य रजा मिळते, कारण त्याच्या प्राचार्यांना पत्र येते. सार्वजनिक ग्रंथालयातील लिपिकाला कार्यवाहांकडून परवानगी घ्यावी लागते आणि त्यासाठी कार्यवाहांच्या नावे पत्र हवे. ‘आपल्या ग्रंथालयातून नोंदी भरण्याचे काम प्रत्यक्ष करणाऱ्या व्यक्तीस पाठवावे’ असे त्या पत्रात स्पष्ट लिहा. तसे लिहिले नाही, तर पदाधिकारी स्वतः येतील. ते आदराने येतील, परंतु ज्याला शिकायचे आहे तो मागे राहील. जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयालाही पत्राची प्रत द्यावी, म्हणजे उपस्थितीला वजन येते.

शुल्काबाबत एवढेच म्हणेन की १९६७ च्या अधिनियमाखाली चालणाऱ्या ‘क’ आणि ‘ड’ वर्गांच्या ग्रंथालयांतील कर्मचाऱ्यांचे मानधन लक्षात घ्या. प्रवासखर्चच त्यांना जड जातो. त्यांच्याकडून शुल्क घेऊ नये.

उत्तर २ : प्रणाली व्यवस्थापक, अभियांत्रिकी महाविद्यालयाचे ग्रंथालय

सप्रेम नमस्कार. मी गेली काही वर्षे कोहाचा सर्व्हर सांभाळतो आणि अशा तीन-चार कार्यशाळांत मदतनीस म्हणून उभा राहिलो आहे, त्या आधारावर लिहितो.

आपल्या पहिल्या अडचणीचे उत्तर असे की गट सॉफ्टवेअरनुसार पाडूच नयेत, कामानुसार पाडावेत. वहीतील किंवा एक्सेलमधील नोंदी स्वच्छ करणे हे एक काम. एका प्रणालीतून नोंदी बाहेर काढून दुसरीत नेणे हे दुसरे. मराठी शोध नीट चालवणे हे तिसरे, आणि सुरक्षित प्रत ठेवून ती परत उभी करणे हे चौथे. सोल वापरणारा असो की कोहा वापरणारा, या चारही ठिकाणी त्याची अडचण जवळजवळ सारखीच असते, कारण नोंद शेवटी मार्क २१ या ठरावीक, क्रमांकित रकान्यांच्या ग्रंथालयीन रचनेतच जावी लागते. शीर्षक २४५ मध्ये, लेखक १०० मध्ये, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ०२० मध्ये, हे सगळीकडे समान आहे. सॉफ्टवेअर बदलले तरी नोंद नीट असेल तर ती टिकते. नोंदच बिघडलेली असेल, तर कोणतेही सॉफ्टवेअर तिला वाचवू शकत नाही.

एक्सेलच्या गटाला सर्वांत जास्त वेळ द्यावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. हे काम साधे समजले जाते, परंतु बहुतेक नुकसान येथेच होते. तेरा अंकी आयएसबीएन एक्सेलमध्ये टाकला की रकाना अरुंद असो वा रुंद, तो ९.७८ पुढे ई आणि १२ अशा रूपात दिसू लागतो. ती फाइल तशीच सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराच्या रूपात, जतन केली की मूळ अंक कायमचे जातात. ००१२५ हा दाखल अंक १२५ होतो, आणि बारकोडवर छापलेला ००१२५ मग कशालाच जुळत नाही. रकान्याचे स्वरूप आधीच ‘मजकूर’ असे ठेवले, तर हे दोन्ही टळते. मराठी मजकुरासाठी फाइल यूटीएफ-८ या, मराठी अक्षरे टिकवणाऱ्या, पद्धतीत जतन करावी लागते. लिबरऑफिसचे कॅल्क (एक्सेलसारखेच मोफत सॉफ्टवेअर) फाइल उघडताना आणि जतन करताना ते विचारते, म्हणून मी नवख्या माणसाला तेच वापरायला सांगतो. ही तीन वाक्ये मी कार्यशाळेत सांगतो तेव्हा निदान पाच-सहा जण मान खाली घालून आपल्या फाइली उघडतात. त्या क्षणी त्यांच्या शेजारी कोणी तरी बसलेले हवे.

जाळ्याची व्यवस्था अशी करा. यजमान संस्थेच्या वाय-फायवर ४० जणांनी एकदम मोठी फाइल उतरवायला घेतली, तर सकाळ तेथेच संपेल. आठ जीबी रॅमचा एक लॅपटॉप घ्या, त्यावर लिनक्स आणि कोहा आधीच बसवून आणा, सोबत एक साधा राउटर ठेवा. सर्व जण आपापल्या ब्राउझरमधून त्या लॅपटॉपला जोडले जातील आणि इंटरनेट गेले तरी काम थांबणार नाही. प्रत्येक ग्रंथालयाच्या नावाने त्यात एक शाखा तयार ठेवा. लागणारी इतर साधने पेन ड्राइव्हवर घालून ठेवा. कोहामध्ये नोंदींची तुकडी आधी तात्पुरती चढवून तपासता येते आणि आयात केल्यावरही ती मागे घेता येते. ही सोय पहिल्यांदा दाखवा, कारण चुकले तर मागे फिरता येते हे कळल्यावर माणसाच्या हाताची भीती जाते. आणि विजेचे एक्स्टेन्शन बोर्ड मोजून घ्या, ते नेहमी कमी पडतात.

सुरक्षित प्रतीबद्दल स्वतःचे सांगतो. एका पावसाळ्यात वीज पडून आमच्या सर्व्हरची हार्ड डिस्क गेली. कोहाच्या पॅकेजमध्ये रोज रात्री आपोआप प्रत निघण्याची सोय असते, म्हणून मी निर्धास्त होतो. परंतु ती प्रत मुळात त्याच डिस्कवर पडते आणि नेहमीच्या मांडणीत फक्त दोन दिवसांच्या प्रती शिल्लक ठेवल्या जातात. मी बाहेर काढून ठेवलेली शेवटची प्रत सात महिन्यांपूर्वीची होती. सात महिन्यांची देवघेव आम्ही वाचकांच्या पत्रकांवरून पुन्हा भरली. त्यानंतर दर महिन्याला मी एक प्रत दुसऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष उभी करून पाहतो. मेळाव्यात चौथ्या गटाने भाषण ऐकू नये. प्रत काढावी, माहिती पुसावी आणि ती परत उभी करावी. एकदा हाताने केले की विसरत नाही.

विषय निवडण्याबद्दल बाहेरचे एक उदाहरण उपयोगी पडेल. ग्रंथालयांत काम करणाऱ्या प्रोग्रॅमरांचा कोडफोरलिब नावाचा गट २००३ मध्ये ईमेलवरील पत्रव्यवहारातून सुरू झाला आणि २००६ मध्ये अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात कॉर्व्हॅलिस येथे त्यांची पहिली परिषद भरली. तेथे कोणते निवेदन ठेवायचे ते सदस्य मत देऊन ठरवतात, आणि पाच-पाच मिनिटांच्या छोट्या निवेदनांसाठी वेळ राखून ठेवतात. आपल्याकडे मतदान नको, पण नोंदणीच्या वेळीच ‘सध्या तुमचे कोणते काम अडले आहे’ हा एकच प्रश्न विचारा आणि जे उत्तर सर्वांत जास्त जणांकडून येईल त्याला सर्वांत जास्त वेळ द्या. पाच मिनिटांची निवेदने मात्र जरूर ठेवा. आपल्या ग्रंथालयात एक अडचण कशी सोडवली, एवढेच सांगायचे. बोलायची सवय नसलेला परिचरही पाच मिनिटे बोलू शकतो.

एक सूचना महत्त्वाची आहे. लोक स्वतःची माहिती घेऊन येणार असतील, तर वाचकांची नावे, मोबाइल क्रमांक आणि पत्ते काढून टाकूनच आणावीत, असे पत्रात लिहा. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहेच, पण तो झाला नसता तरी वाचकाने काय वाचले हे चाळीस परक्या माणसांसमोर उघडे करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

प्रश्नकर्त्याचा उपप्रश्न

दोघांचेही मनापासून आभार. कामानुसार गट पाडण्याची कल्पना मला सुचली नव्हती. पत्राचा मसुदा आजच बदलतो. एक विचारायचे आहे. मराठी शोधाचा स्वतंत्र गट खरोखर आवश्यक आहे का? युनिकोड (सर्व लिप्यांतील अक्षरांना ठरावीक संकेतांक देणारी पद्धत) आल्यानंतर हा प्रश्न सुटला, असे आमच्याकडील एका ज्येष्ठांचे मत आहे.

उत्तर ३ : तालिकाकार, सांगली

नमस्कार. प्रश्न सुटलेला नाही, आणि कसा सुटलेला नाही ते एका शब्दावरून दाखवतो.

आमच्या ओपॅकमध्ये, म्हणजे वाचकांसाठीच्या संगणकीय तालिकेत, ‘शेतकऱ्यांसाठी’ असे टाइप करून शोधले, तर कपाटातील पुस्तकांपैकी निम्मीच दिसत. उरलेली पुस्तके जागेवर होती, त्यांच्या नोंदीही होत्या आणि पडद्यावर त्या नोंदींतील शब्द डोळ्यांना अगदी सारखा दिसत होता. कारण त्या शब्दातील ‘ऱ्य’मध्ये होते. हा अर्धा र संगणकात एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात ०९३१ या संकेतांकाचा ऱ, हलन्त आणि य असतो. दुसऱ्यात साधा र, त्याखाली नुक्ता (टिंब), हलन्त आणि य. तिसऱ्यात साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह आणि य. युनिकोडचे प्रमाणीकरण केले की पहिले दोन प्रकार एकरूप होतात, पण तिसरा वेगळाच राहतो. आमच्याकडे दोन लिपिक दोन वेगवेगळ्या कळफलकांवर टाइप करत होते, आणि दोघेही आपापल्या परीने अचूक होते.

‘ॲ’चेही तसेच. त्याला स्वतंत्र संकेतांक २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मिळाला. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र देत, आणि आजही अनेक जण तसेच देतात. त्यामुळे एकाच ग्रंथालयात ‘ॲ’ने सुरू होणाऱ्या शीर्षकांच्या दोन रांगा लागतात.

युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत भरलेल्या नोंदी हे आणखी मोठे दुखणे आहे. त्या नोंदींत मराठी अक्षरे नसतातच. रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि तो विशिष्ट फॉन्ट असला तरच ते मराठी दिसतात. रूपांतर करणारी साधने आहेत, पण तेथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर साठवलेला असल्याने नेमक्या याच दोन जागी चुका राहतात. रूपांतरानंतर ‘वि’, ‘कि’, ‘र्म’, ‘र्थ’ असलेली शीर्षके माणसाने डोळ्यांखालून घालावीच लागतात.

म्हणून या गटाने मेळाव्यात एक काम करावे. प्रत्येकाने आपल्या ओपॅकमध्ये ठरलेले दहा शब्द शोधावेत आणि किती नोंदी आल्या, किती यायला हव्या होत्या, ते लिहावे. कोहा वापरणाऱ्यांनी आपली अनुक्रमणी (शोधासाठीची शब्दसूची) आयसीयू या युनिकोडच्या नियमांवर चालणाऱ्या पद्धतीने होते की नाही, हेही त्याच वेळी पाहावे. आणि ‘ऱ्य’ व ‘ॲ’ कसा टाइप करायचा, याचा एकच नियम सर्वांनी मिळून ठरवावा. भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण इन्स्क्रिप्ट कळफलकाला माझा कौल आहे, पण नियम कोणताही असो, तो सर्वांचा एक असला पाहिजे. तो ठरला तर पुढे एकमेकांच्या नोंदी उतरवून घेता येतील आणि एकच पुस्तक चाळीस ठिकाणी चाळीस वेळा भरण्याचे कष्ट वाचतील.

उत्तर ४ : साहाय्यक ग्रंथपाल, पूर्व भाग, सोलापूर

सांगलीच्या सरांनी लिहिलेले पटले, परंतु मेळावा सोलापुरात होत आहे, तर तो केवळ देवनागरीपुरता ठेवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आमचा पूर्व भाग पद्मशाली विणकरांचा आहे आणि येथे घराघरांत तेलुगू बोलली जाते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड आहे, शहरात उर्दू वाचकही मोठ्या संख्येने आहेत. आमच्या ग्रंथालयात मराठीसह या चारही भाषांची पुस्तके एकाच छताखाली आहेत. संगणकीकरणाच्या वेळी मराठी व इंग्रजी पुस्तकांच्या नोंदी झाल्या आणि बाकीची कपाटे ‘नंतर पाहू’ म्हणून राहिली. नोंद करणाऱ्याला ती लिपी वाचता येत नव्हती, हे त्याचे साधे कारण आहे. जी पुस्तके ओपॅकमध्ये नाहीत, ती काही वर्षांनी वाचकाच्या दृष्टीने ग्रंथालयातही राहत नाहीत. आमच्या तेलुगू कपाटाचे तसे झाले आहे, आणि ते रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे फार लागते.

मार्क २१ मध्ये यासाठी वाटा आहेत. मूळ लिपीतील शीर्षकाची जोड नोंद ८८० मध्ये करता येते, आणि शीर्षकाचे दुसरे रूप २४६ मध्ये देता येते. आमच्याकडे येणारे अनेक तरुण वाचक घरी तेलुगू बोलतात, पण शाळा मराठी माध्यमाची असल्यामुळे तेलुगू लिपी त्यांना सफाईने वाचता येत नाही. ते आजीसाठी पुस्तक न्यायला येतात. त्यांच्यासाठी २४६ मध्ये तेच शीर्षक देवनागरीत लिहिले, तर त्यांना ते शोधता येते. हा प्रयोग मी पन्नासेक पुस्तकांवर केला आहे आणि त्यातील कित्येक पुस्तके बऱ्याच काळानंतर कपाटाबाहेर पडली आहेत.

शिवाय ००८ या रकान्यातील ३५ ते ३७ या स्थानांवर भाषेचा तीन अक्षरी संकेत असतो. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू यांचे संकेत वेगवेगळे आहेत, पण जी नोंद घाईने उतरवली जाते तिच्यात इंग्रजीचाच संकेत राहून जातो. मग भाषेनुसार यादी मागितली की कन्नड पुस्तकांची यादी रिकामी येते आणि वार्षिक अहवालात कन्नड पुस्तके शून्य दिसतात. उर्दूत लिपी उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे शीर्षकाशेजारी खंड क्रमांक आला की पडद्यावर क्रम उलटसुलट दिसतो. नोंद बरोबर असते, पण लिपिक ती चुकीची समजून ‘दुरुस्त’ करतो आणि तेव्हा ती खरोखर बिघडते. याचे प्रात्यक्षिक दहा मिनिटांत होईल.

माझी सूचना अशी की लिपी वाचणारे चार-पाच स्वयंसेवक आपण शहरातूनच बोलवावेत. त्यांना ग्रंथालयशास्त्र येण्याची गरज नाही. निवृत्त शिक्षक मिळतील, विद्यार्थी मिळतील. ते शीर्षक वाचून सांगतील आणि आपला लिपिक ते योग्य रकान्यात भरेल. ही जोडी एकदा जमली, तर मेळाव्यानंतरही महिन्यातून एका शनिवारी बसता येईल. सीमेपलीकडील विजयपूर आणि कलबुर्गी येथील ग्रंथालयांनाही निमंत्रण द्यावे. त्यांच्याकडे मराठी पुस्तकांची हीच अडचण असणार.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांच्या पत्रांनंतर आम्ही चौघे काल बसलो आणि पुढीलप्रमाणे ठरवले.

दिवस डिसेंबरचा दुसरा शनिवार. जागा शहरातील महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा. केगावचा विचार सोडला. त्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना बार्शीच्या सरांचे म्हणणे जसेच्या तसे वाचून दाखवले. उद्घाटन १०.३० ला, २० मिनिटांचे, आणि सत्काराऐवजी प्रत्येक ग्रंथालयाने आपले एक वाक्यात काम सांगायचे, यास त्यांनी आनंदाने संमती दिली. माझा संकोच अनाठायी होता.

११ ते १.१५ गटांत काम, मग जेवण, २ ते ३.१५ पुन्हा त्याच गटांत काम, त्यानंतर पाच-पाच मिनिटांची निवेदने आणि ४.३० ला समाप्ती. सकाळी व दुपारी गट बदलावेत, असे आमच्यातील एकाचे मत होते. मी त्याला विरोध केला. दोन गटांत थोडे थोडे पाहण्यापेक्षा एका गटात बसून आपली स्वतःची फाइल पूर्ण करून न्यावी, असे मला वाटते. जो एक्सेलच्या गटात बसेल, त्याच्या निदान शंभर नोंदी स्वच्छ होऊन गेल्या पाहिजेत. ज्यांना दुसऱ्या गटातील माहिती हवी असेल, त्यांच्यासाठी प्रत्येक गट आपण काय केले ते दोन पानांत लिहून देईल आणि ती पाने आम्ही सर्वांना पाठवू.

मराठी शोधाच्या गटाचे नाव आता ‘भारतीय लिप्या आणि शोध’ असे केले आहे. पूर्व भागातील मॅडमनी त्याची जबाबदारी घ्यावी आणि सांगलीच्या सरांनी त्यांना साथ द्यावी, अशी विनंती करतो. विजयपूर व कलबुर्गी येथे पत्रे मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत जातील. कन्नड मसुदा तपासण्यासाठी कोणी मिळाल्यास कळवावे.

सार्वजनिक ग्रंथालयांतील कर्मचाऱ्यांकडून शुल्क घेणार नाही. महाविद्यालयांकडून प्रत्येकी २०० रुपये घेऊ आणि त्यात जेवण बसवू. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि एक भाजी असा साधा बेत आहे. पुण्या-मुंबईकडून कोणी मार्गदर्शक येणार असल्यास रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस सोयीची पडेल, ती सकाळी सोलापुरात पोहोचते. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी सोलापूरहून पुण्याकडे जाते आणि संध्याकाळी परतते, म्हणून पुण्याहून त्याच दिवशी येणाऱ्यास तिचा उपयोग नाही.

एक गोष्ट अजून अडलेली आहे. सुरक्षित प्रतीच्या गटासाठी माहिती पुसून परत उभी करण्यास दोन जादा संगणक हवेत, आणि प्रयोगशाळेतील संगणकांवर तसे करण्यास परवानगी नाही. जुने, पण चालू स्थितीतील संगणक कोणाकडे असतील, तर कृपया सांगावे.

उत्तर ५ : प्रणाली व्यवस्थापक, अभियांत्रिकी महाविद्यालयाचे ग्रंथालय

आमच्याकडे निर्लेखनासाठी (वापरातून काढून टाकण्यासाठी) बाजूला ठेवलेले तीन संगणक आहेत. प्राचार्यांची लेखी परवानगी घेऊन मी ते आदल्या दिवशी संध्याकाळी स्वतः घेऊन येतो. त्यांत लिनक्स बसवण्याचे काम मात्र मी आधी करणार नाही. त्या गटातील मंडळींनी ते सकाळी दहा ते अकराच्या वेळात माझ्यासमोर बसून करावे.

उत्तर ६ : ग्रंथपाल, सार्वजनिक ग्रंथालय, बार्शी तालुका

आमच्या कार्यवाहांना पत्राचा मसुदा दाखवला. त्यांनी आमच्या लिपिक ताईंचे नाव लगेच लिहून दिले. दाखल नोंदवहीची पहिली दोनशे पाने आम्ही मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवली आहेत, ती आणि एक्सेलची फाइल त्या सोबत आणतील. आयएसबीएनचा रकाना आज उघडून पाहिला. सर्वत्र ९.७८ च आहे. मूळ पुस्तके हाताशी आहेत, म्हणून तो रकाना पुन्हा भरायला घेतला आहे, या वेळी ‘मजकूर’ म्हणून.